परिव्राजक श्रीटेंबेस्वामी महाराज आणि वाटेवरची माणसे

आषाढ शुद्ध प्रतिपदा ही श्रीमत् परमहंस परिव्राजकाचार्य श्रीवासुदेवानंद सरस्वती, अर्थात आपणां सर्वांस परिचित असलेले श्रीटेंबेस्वामी महाराज, यांची पुण्यतिथी होय. बडोद्यातील दत्तभक्त कुटुंबे त्या सुमारास गरुडेश्वरास जातात, नर्मदेचे स्नान करून समाधीचे दर्शन घेतात, करुणात्रिपदी म्हणतात आणि सायंकाळपर्यंत घरी परततात. महाराजांची चरित्रे आपल्या घराघरांत आहेत. त्यांतील साक्षात्काराच्या व चमत्काराच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस येथे महाराजांच्या चरित्राची एक निराळीच बाजू वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती म्हणजे त्यांची वाटचाल, आणि त्या वाटेवर भेटलेली अनोळखी माणसे. तेवीस वर्षे जो पुरुष पायी फिरला, ज्याने पैशास स्पर्श केला नाही आणि ज्याचे स्वतःचे असे घर नव्हते, तो रोज कोणाच्या तरी दारी उभा राहिला असला पाहिजे, आणि कोणीतरी ते दार उघडले असले पाहिजे. या दार उघडणाऱ्यांची नावे चरित्रांत फारशी आढळत नाहीत. तरीही त्यांच्यावाचून ते चरित्र घडलेच नसते.

महाराजांचा जन्म श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ रोजी माणगाव येथे झाला. हे गाव त्या काळी सावंतवाडी संस्थानात होते. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यात मोडते. पित्याचे नाव गणेशभट्ट, मातेचे रमाबाई. गणेशभट्ट हे निस्सीम दत्तभक्त असून त्यांचे चित्त गाणगापुराकडे लागलेले असे. त्यामुळे मुलाच्या अध्ययनाकडे आजोबा हरिभट्टांनी लक्ष पुरविले. वेदाध्ययन, याज्ञिकी, ज्योतिष आणि थोडेबहुत वैद्यक एवढी विद्या त्यांनी तरुणपणीच संपादन केली होती. एकविसाव्या वर्षी विवाह झाला. पत्नी अन्नपूर्णाबाई या रांगण्याकडील गोडे घराण्यातील होत. घरची स्थिती बेताचीच होती. कोकणातील भिक्षुक कुटुंबाची स्थिती कशी असते हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस वाडवडिलांच्या बोलण्यावरून ठाऊक असेल, तेव्हा त्याचा विस्तार करीत नाही.

नरसोबाच्या वाडीचा ओढा त्यांस लवकरच लागला. तेथे गोविंदस्वामी या सत्पुरुषाचे मार्गदर्शन लाभले. वाडीहून परतताना कागल येथे एका मूर्तिकाराकडून दत्तमूर्ती प्राप्त झाली आणि १८८३ साली माणगावात तिची स्थापना झाली. मंदिर अगदी साधे होते. पण पुढील सहा-सात वर्षांत माणगावचे रूप पालटून गेले. दुखणाईत, कर्जबाजारी, भूतबाधेच्या भीतीने ग्रासलेले, संतती नसलेले, अशी दूरदूरची माणसे तेथे येऊ लागली. कोणास औषध, कोणास व्रत, कोणास पाठ असा ज्याला त्याला मानवेल तो उपाय महाराज सांगत. आलेल्यास भोजन घातल्यावाचून जाऊ द्यावयाचे नाही, आणि आलेले धान्य उद्यासाठी साठवावयाचे नाही, असा तेथील शिरस्ता होता असे सांगतात. देवस्थानांचा कारभार जवळून पाहणाऱ्यास हा दुसरा नियम किती कठीण आहे हे सांगावयास नको. कोठीघरास कुलूप असावे, हिशेबाची वही असावी, पुढील उत्सवाची तरतूद असावी, हे सारे योग्यच आहे आणि आमच्या घरी वडिलांनाही तेच करावे लागते. परंतु ज्याचे मन कोठीत गुंतत नाही त्यालाच पुढे रिकाम्या हाताने हजारो मैल चालता येते, हेही खरे.

माणगावात लोकांची गर्दी आणि कीर्ती वाढत असतानाच, १८८९ साली महाराजांनी गाव सोडले. देवाची आज्ञा झाली असे ते मानीत. पत्नी बरोबर होती. वाडी, कोल्हापूर, पंढरपूर अशी क्षेत्रे करीत ते दांपत्य गोदावरीकाठी गंगाखेड येथे आले आणि तेथे १८९१ च्या वैशाखात अन्नपूर्णाबाईंचा देह पडला. परक्या गावी, परक्या माणसांत हा प्रसंग आला. अंत्यसंस्कारास लाकडे कोणी दिली, उत्तरकार्यास शिधा कोणी दिला, रात्री सोबतीस कोण बसले, याचा उल्लेख कोठे आढळत नाही. पण गंगाखेडच्या लोकांनी ते केले असलेच पाहिजे. उत्तरकार्य आटोपताच महाराजांनी संन्यास घेतला, आणि तेथून ते उज्जयिनीस गेले. तेथे श्रीनारायणानंद सरस्वती यांजकडून त्यांस दंड मिळाला आणि वासुदेवशास्त्री टेंबे हे वासुदेवानंद सरस्वती झाले. त्या वर्षीचा चातुर्मास उज्जयिनीसच झाला. तेव्हा त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते.

संन्याशाच्या प्रवासाचे नियम आजच्या वाचकास थोडे समजावून सांगणे अवश्य आहे. दंडी संन्याशाने एका जागी राहू नये, पावसाळ्याचे चार महिने मात्र एके ठिकाणी काढावे, कारण त्या काळात वाटेवर जीवजंतू फार असतात आणि पायांखाली हिंसा घडते. अग्नीस शिवावयाचे नाही, म्हणजे स्वयंपाक करावयाचा नाही. द्रव्य बाळगावयाचे नाही. दिवसातून एकदाच, तेही गृहस्थांची जेवणे होण्याच्या सुमारास, काही घरी जाऊन शिजविलेल्या अन्नाची भिक्षा मागावयाची. हिला मधुकरी म्हणतात. मधुकर म्हणजे भ्रमर. तो प्रत्येक फुलातून थोडा थोडा मध घेतो आणि कोणत्याच फुलास इजा करीत नाही. भिक्षेकऱ्यानेही एकाच घरावर भार टाकू नये, हे त्या नावातच सांगून ठेविले आहे. एखाद्या दिवशी मिळाले नाही तर उपवास. महाराजांनी हे नियम काटेकोर पाळले. दंड, कमंडलू, छाटी, कौपीन, थोड्या पोथ्या आणि पूजेतील दत्तमूर्ती एवढाच त्यांचा संसार होता. वाहनात ते बसत नसत. आगगाडी त्या काळी उज्जैन, कानपूर, बडोदा, सर्वत्र धावत होती, पण महाराज अनवाणी चालत राहिले. शिवाय संग्रहणीचा विकार त्यांच्या मागे जन्मभर लागलेला होता. पोटाच्या अशा दुखण्यात कोठेही, कोणाच्याही घरचे, तिखट वा शिळे, मिळेल ते अन्न खाऊन पुढच्या मुक्कामास चालू लागणे म्हणजे काय, याचा विचार ज्याने तो दुखणेकरी घरात पाहिला आहे त्यानेच करावा.

आता या तेवीस चातुर्मासांची गावे पाहिली म्हणजे मन थक्क होते. उज्जयिनी, गंगेकाठी कानपुराजवळचे ब्रह्मावर्त, हरिद्वार, नर्मदेकाठचे चिखलदा आणि बडवानी, माळव्यातील महत्पूर, मराठवाड्यातील नरसी, वैनगंगेकाठचे पवनी, तुंगभद्रेकाठचे हावनूर, कृष्णेकाठचे मुक्त्याला, कावेरीच्या प्रदेशातील तंजावर, रायचूरजवळ कृष्णेच्या बेटातील कुरवपूर. हिमालयापासून चोळमंडलापर्यंतची ही वाट पायांनी तुडविलेली आहे. मराठी, हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू, तमिळ इतक्या भाषांची दारे त्या वाटेवर लागली. पंडित भेटला तर संस्कृतात बोलता येई. पण माध्यान्ही दारात उभी राहिलेली गृहिणी काही संस्कृत बोलत नव्हती. तिने भगवी छाटी पाहिली, हातातील दंड पाहिला, आणि आत जाऊन पळीभर भात आणला. हा व्यवहार भाषेवाचूनच होत असे.

बडोदेकरांस विशेष वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. १८९६ चा चातुर्मास पेटलाद येथे, १८९७ चा तिलकवाडा येथे आणि १८९८ चा द्वारकेस झाला. ही तिन्ही गावे त्या काळी श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या राज्यातील. पेटलाद हे चरोतरातले, तिलकवाडा नर्मदेकाठचा महाल, आणि द्वारका ओखामंडळात. म्हणजे लागोपाठ तीन वर्षे हा परिव्राजक बडोदे सरकारच्या मुलखात पावसाळा काढीत होता. गायकवाडीच्या लहानमोठ्या कचेऱ्यांतून मराठी अंमलदार व कारकून असत आणि त्यांची बिऱ्हाडे त्या त्या गावी असत. आपल्यापैकी कित्येकांचे पणजे-खापरपणजे अशाच बदल्यांवर तेथे राहिलेले असतील. एखाद्या घरी मधुकरीचा घास त्या काळी पडलाही असेल. कोण जाणे! पण केवळ मराठी घरांवर महाराजांची भिक्षा चालली असे मात्र नव्हे. गुजराती ब्राह्मण कुटुंबांनी त्यांस आपले मानले आणि त्यांच्याभोवती गुजराती शिष्यपरिवार जमला. सुरतेकडील तेलंगपूर गावचा एक तरुण तर इतका वेडावून गेला की लोक त्यास गांडाबुवा म्हणू लागले. तोच पुढे संन्यास घेऊन योगानंद सरस्वती झाला आणि परभणी जिल्ह्यातील गुंज येथे गोदावरीकाठी १९२८ साली समाधिस्थ झाला. कोकणातील गुरू गुजरातेत आला आणि गुजरातेतील शिष्य मराठवाड्यात विसावला. आमच्या मते दोन प्रांतांचे नाते याहून घट्ट करणारी गोष्ट शोधून सापडावयाची नाही.

हा काळही साधा नव्हता. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत ग्रंथिक ज्वराची साथ उद्भवली आणि ती पश्चिम हिंदुस्थानभर पसरली. परगावाहून येणारा माणूस म्हणजे साथ घेऊन येणारा, अशी भीती गावोगाव बसली. स्टेशनांवर उतारूंची तपासणी होऊ लागली आणि लोक घरेदारे सोडून रानात झोपड्यांतून राहू लागले. पुढे १८९९ साली पाऊस पडला नाही. संवत १९५६ चा तो दुष्काळ गुजरातेत आजही छप्पनिया या नावाने ओळखला जातो. गुरे मेली, माणसे देशोधडीस लागली. त्या वर्षी महाराज चिखलद्यास होते आणि पुढच्या वर्षी माळव्यात महत्पुरास. अशा दिवसांत भिक्षेस निघालेल्या संन्याशापुढे मोठाच पेच उभा राहतो. ज्या घरी पोरांच्या तोंडी घास नाही तेथे हात पसरावा कसा? आणि ज्या घरच्या बाईने स्वतःच्या वाट्यातील अर्धी भाकर आणून घातली, ती नाकारावी तरी कशी? नाकारली तर तिचा धर्म मोडतो आणि घेतली तर तिचा जीव तुटतो. मधुकरीचा नियम अशा वेळी किती शहाणपणाचा ठरतो पाहा: थोडेच घ्यावे, अनेक ठिकाणी घ्यावे, मिळाले नाही तर नावे न ठेवता पुढे जावे. सुकाळात जो नियम नुसता आचार वाटतो, तो दुष्काळात दया ठरतो.

नर्मदेच्या परिक्रमेची प्रथा आपल्या वाचकांस नवी नाही. नदी उजव्या हातास ठेवून, तिचा प्रवाह न ओलांडता, उगमापासून सागरापर्यंत आणि पुन्हा उगमापर्यंत चालावयाचे. विधियुक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. काठावरची गावे परिक्रमावासीयास सदाव्रत देतात, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा, आणि रात्रीपुरता आसरा. कोण, कोठला, कोणत्या जातीचा, असे फारसे कोणी विचारीत नाही. नर्मदे हर म्हटले की ओळख पटली. यात एकच टप्पा असा होता की जेथे उलट घडे. तो म्हणजे शूलपाणीची झाडी. तेथील भिल्ल परिक्रमावासीयाची झोळी, पांघरूण, कधी अंगावरचे वस्त्रही काढून घेत. हे नर्मदामाताच करविते, माणसाची आसक्ती काढून घेते, असे श्रद्धाळू लोक मानीत. आम्हांस यात आणखीही एक गोष्ट दिसते. झाडीतील भिल्ल हा स्वतःच कमालीचा गरीब होता. शहरातून आलेल्या यात्रेकरूजवळ जे एक जादा पांघरूण असे, ते त्याच्या झोपडीत नसे. ज्याच्यापाशी काहीच नाही अशा संन्याशास त्या झाडीचे भय कशाचे?

या झाडीतीलच एक कथा भक्तमंडळींत परंपरेने सांगितली जाते. महाराज एकदा तेथे वाट चुकले. रान घनदाट, दिवस उतरणीस लागलेला, आणि पुढे पाऊलवाट दिसेना. तेवढ्यात एक अनोळखी पुरुष समोर आला आणि काही न विचारता पुढे चालू लागला. महाराज त्याच्या मागून निघाले. रान संपून गावाची खूण दिसू लागली तेव्हा तो थांबला. महाराजांनी आग्रहाने ओळख विचारली असता तो अश्वत्थामा असल्याचे समजले. कथा येथे संपते. आमच्या मनात मात्र ती येथून सुरू होते. अश्वत्थामा हा सात चिरंजीवांपैकी एक खरा, पण त्याचे चिरंजीवित्व हा शाप आहे. कपाळीची जखम वाहते आहे, माणसांच्या वस्तीत त्यास थारा नाही, आणि नर्मदाकाठचे लोक सांगतात की तो जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो. ज्याने झोपेतील बालकांचा घात केला, त्या महापातक्याच्याच वाट्यास या कथेने वाटाड्याचे काम दिले आहे. देव स्वतः आला असता, गंधर्व आला असता, तरी कथेस शोभा आलीच असती. पण परंपरेने निवडला तो हा जखमी, शापित, कोठेही न सामावणारा माणूस. आणि महाराज त्याच्या मागून निःशंकपणे चालले.

परक्यांकडून घेण्याची ही बाजू झाली. महाराजांनी दिले काय, हा प्रश्न राहतोच. द्रव्य नाही, घर नाही, तेव्हा अन्नदान वा वस्त्रदान शक्य नव्हते. त्यांच्यापाशी होती ती विद्या. श्रीगुरुचरित्र त्यांनी संस्कृतात आणले. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य, शिक्षात्रय असे मोठे ग्रंथ रचिले. परंतु ग्रंथांपेक्षाही त्यांची लहान लहान स्तोत्रे आम्हांस या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटतात. त्यांतील कित्येक कोणा ना कोणा गांजलेल्या माणसासाठी रचलेली आहेत. वाटेत कोणी रोगी भेटला, कोणी ऋणाने खचलेला भेटला, कोणी मुलाच्या चिंतेने झुरणारी माता भेटली, की तिच्यासाठी चार श्लोक रचून द्यावयाचे आणि पुढे चालू लागावयाचे. १९११ साली कुरवपुरास रचलेले घोरकष्टोद्धरणस्तोत्र आज लक्षावधी लोक म्हणतात. तेही एका संसारी गृहस्थाच्या दुःखाने द्रवून रचले गेले असे सांगतात. त्या गृहस्थाचे दुःख कधीच संपून गेले असेल. पण त्याच्यासाठी केलेली प्रार्थना पुढे कोणाच्याही उपयोगी पडू लागली.

करुणात्रिपदीची हकीकतही अशीच आहे. १९०५ च्या सुमारास महाराज नरसोबाच्या वाडीस असता तेथील उत्सवमूर्तीच्या बाबतीत पुजाऱ्यांकडून काही प्रमाद घडला आणि देवाचा कोप होईल या भयाने सारे गाव हादरले, असे परंपरा सांगते. महाराजांचा आचार इतका कडक की चुकलेल्यास त्यांनी बोल लावला असता तर कोणास नवल वाटले नसते. त्यांनी बोल लावला नाही. उलट अपराध्यांच्या वतीने स्वतः देवापुढे उभे राहून तीन पदे रचली आणि क्षमा मागितली. आज ती पदे दत्तमंदिरांतून नित्य म्हटली जातात. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल की यातील अपराध मूळचा दुसऱ्याचा आहे? पुजाऱ्याच्या हातून चूक होते तेव्हा गाव त्याच्याकडे कसे पाहते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांस या तीन पदांची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहावयास हवी. महाराज वर्णाश्रमधर्माचे कट्टर अभिमानी होते. सोवळेओवळे, भिक्षेची घरे, स्पर्शास्पर्श यांचे त्यांचे नियम त्या काळच्या शास्त्री मंडळींसही कडक वाटत. त्याच काळात आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अंत्यज मुलांसाठी शाळा उघडल्या होत्या आणि विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारखा ईश्वरभक्त पुरुष त्या पाहून गेला होता. १९०६ साली शिंद्यांनी मुंबईस निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. अनोळखी माणसाच्या घराचा उंबरठा ओलांडण्याचे जे धैर्य शिंद्यांनी दाखविले ते महाराजांच्या मार्गात बसणारे नव्हते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्यामुळे महाराजांविषयीचा आमचा आदर कमीही होत नाही. नियम त्यांनी दुसऱ्यास दूर लोटण्यासाठी हत्यारासारखा वापरला नाही. तो त्यांनी प्रथम स्वतःच्या देहावर चालविला, आणि त्याची झीज स्वतःच सोसली. तथापि आमच्या पिढीने त्यांचे सोवळे न घेता त्यांचे चालणे घ्यावे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

दक्षिणेकडील यात्रांतही महाराजांच्या हातून एक मोठे कार्य घडले. श्रीगुरुचरित्रात श्रीपाद श्रीवल्लभांचे जन्मस्थान म्हणून पीठापुराचा उल्लेख आहे, परंतु मराठी दत्तभक्तांस ते क्षेत्र जवळजवळ विस्मृत झाले होते. आंध्रातील त्या स्थानाकडे भक्तांचे लक्ष महाराजांनी वळविले. तीच गोष्ट कुरवपुराची. चहूकडे कृष्णेचे पाणी, जावयाचे तर टोपलीसारख्या गोल नावेतून, अशा त्या एकांत बेटावर त्यांनी चार मास काढले आणि त्यानंतर महाराष्ट्रातील यात्रेकरूंची पावले तिकडे वळू लागली. हल्ली पीठापुरास जाणाऱ्या मराठी कुटुंबांस रेल्वेची तिकिटे आणि राहण्याच्या खोल्या आधीच मिळून जातात. तेलुगू भाषा येत नाही म्हणून कोणाचे अडत नाही.

१९१३ साली महाराज गरुडेश्वरास आले. हे स्थान त्या काळी राजपिपळा संस्थानात होते. नर्मदेचा विस्तीर्ण पट, उंच दरड आणि भोवती झाडी. देह फार थकला होता. तो चातुर्मास तेथेच झाला आणि त्यानंतर ते दुसरीकडे गेले नाहीत. जन्मभर जो चालत राहिला तो अखेर या काठावर बसला, आणि मग लोकच त्याच्याकडे चालत येऊ लागले. शके १८३६, आषाढ शुद्ध प्रतिपदा, २४ जून १९१४ रोजी त्यांनी देह ठेविला. साठावे वर्ष पुरे होण्यास दीड-दोन महिन्यांचा अवकाश होता.

महाराजांच्या मागे त्यांची वाट चालविणाऱ्यांत आपल्या जिल्ह्याचे श्रीरंगअवधूत महाराज यांचे नाव घेतलेच पाहिजे. पांडुरंग विठ्ठल वळामे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. १८९८ साली गोध्रा येथे त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे रत्नागिरीकडील देवळे गावचे, आणि वडील गोध्र्याच्या विठ्ठलमंदिरात पूजाअर्चा करीत. पोर लहान असतानाच वडील वारले. बालपणी नरसोबाच्या वाडीस त्यास टेंबेस्वामींचे दर्शन घडले आणि स्वामींनी त्या अनोळखी मुलास आपला म्हटले, अशी कथा आहे. तो मुलगा पुढे काही काळ आपल्या बडोद्याच्या कॉलेजात शिकला, गांधीजींच्या चळवळीत पडला, मग सारे सोडून १९२५ साली नर्मदाकाठी नारेश्वरास येऊन राहिला. मराठी घरात जन्मलेल्या या सत्पुरुषाने आपली बहुतेक रचना गुजरातीत केली. १९३५ साली रचलेली दत्तबावनी आज गुजरातच्या खेड्यापाड्यांत म्हटली जाते. माणसाने माणसास देव मानून वागावे, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. १९६८ च्या नोव्हेंबरात हरिद्वार येथे त्यांचा देह पडला आणि नारेश्वरास आणून अंत्यसंस्कार झाला.

गरुडेश्वराचा परिसर आता ओळखू येणार नाही इतका बदलला आहे. वर सरदार सरोवराचे धरण झाले. शूलपाणेश्वराचे पुरातन मंदिर पाण्याखाली गेले आणि गोरा गावाजवळ नवे मंदिर उभे राहिले. ज्या झाडीत महाराज वाट चुकले ती बव्हंशी जलाशयात बुडाली. चिखलदा गावाचीही तीच गत झाली. परिक्रमेचा जुना मार्ग मोडून नवा मार्ग दुरून वळसा घेऊन जातो. २०१८ साली सरदार पटेलांचा पुतळा उभारला गेल्यापासून बडोद्याहून तिकडे मोटारींची रीघ लागलेली असते. त्यांतील बहुतेक गाड्या गरुडेश्वरावरून न थांबता पुढे जातात. पण त्याच रस्त्याच्या कडेने, विशेषतः दिवाळीनंतर, पाठीवर लहानसे गाठोडे आणि हातात काठी घेतलेली माणसे एकेकटी किंवा दोघे-तिघे मिळून चालताना दिसतात. कोणी विदर्भातील शेतकरी असतो, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी नुकतीच पती गमावलेली बाई.

चैत्र महिन्यात तिलकवाडा ते रामपुरा यांच्या दरम्यान, जेथे नर्मदा उत्तरेकडे वाहते तेथे, एका दिवसाची लहान परिक्रमा होते. जेथे १८९७ साली महाराजांनी पावसाळा काढला, तेच हे तिलकवाडा. अलीकडे या परिक्रमेस फार मोठी गर्दी लोटते आणि त्यांत बडोद्याची मराठी मंडळीही पुष्कळ असतात. ऊन चढू नये म्हणून लोक पहाटेच्या अंधारात निघतात. वाटेवरच्या गावांतील माणसे दारात माठ भरून ठेवतात, ताकाची पातेली मांडून बसतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास हाका मारून थांबवितात.